सिंहगडावर जाताय? सगळ्यांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पुण्यात नवीन राहायला आलेले लोक, पाहुणे, ऑफिसमधले मित्र, सगळे हेच प्रश्न विचारत असतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. माझा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे ते आधीच सांगतो. बहुतेक लोक पार्किंगपासून भज्यांपर्यंत जातात, फोटो काढतात आणि परत येतात. गड त्याच्या पुढं सुरू होतो. दोन तास जास्तीचे काढा आणि पूर्ण फेरी मारा.

सिंहगड पुण्यापासून किती लांब आहे?

स्वारगेटपासून पायथा पंचवीस-एक किलोमीटर, शहराच्या नैऋत्येला. गाडीने थेट वर जाणार असाल तर पुढं घाट आहे, म्हणजे सगळं मिळून तीस-पस्तीस धरा. रस्ता सरळ आहे, सिंहगड रोड पकडायचा, धायरी फाटा, नांदेड फाटा, खडकवासला धरण, मग डोणजे. डोणज्याच्या पुढं गोळेवाडीला एक रस्ता घाटाकडं जातो आणि एक आतकरवाडीकडं, चालत जाणाऱ्यांनी आतकरवाडीचा घ्यायचा. अंतर कमी वाटतं पण सिंहगड रोडचं ट्रॅफिक धरून वेळ काढा, रविवारी सकाळी नऊ वाजता घरातून निघालात तर अर्धा दिवस रस्त्यातच जाईल.

बसने जाता येतं का?

येतं की. पन्नास नंबरची पीएमटी सिंहगड पायथ्याला जाते, आपण सगळे अजून पीएमटीच म्हणतो, नाव पीएमपीएमएल झालं तरी. पायथ्याला उतरायचं आणि चढायला सुरुवात करायची. वर जायचं असेल आणि चालायचं नसेल तर जीपवाले असतात, सीट भरल्या की निघतात. फक्त परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या कंडक्टरला किंवा स्टॉपवर विचारून ठेवा, संध्याकाळी गर्दी खूप असते. २०२२ मध्ये घाटातून वरपर्यंत ई-बस सुरू केल्या होत्या, त्या काही दिवसांतच बंद झाल्या, त्यामुळं जुनी माहिती वाचून त्या भरवशावर येऊ नका.

गाडी वरपर्यंत जाते का? पैसे लागतात का?

जाते. घाट आणि आजूबाजूचं जंगल वनखात्याकडं आहे, पायथ्याच्या नाक्यावर गाडीचा उपद्रव शुल्क म्हणून पैसे घेतात, पावती मिळते ती जपून ठेवा. रेट बदलत असतात म्हणून आकडा लिहीत नाही. घाट अरुंद आहे, वळणं तीव्र आहेत आणि काही ठिकाणी दोन मोठ्या गाड्या एकमेकींना जेमतेम जातात. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, हा साधा नियम सगळ्यांनी पाळला तर निम्मं ट्रॅफिक तिथंच सुटेल. नवीन ड्रायव्हिंग शिकलेल्यांनी रविवारी घाटात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, वर पार्किंग भरलं की खालून गाड्या सोडणं थांबवतात आणि मग चढावर अर्धा-पाऊण तास क्लचवर उभं राहावं लागतं.

चालत चढायला किती वेळ लागतो? मला जमेल का?

आतकरवाडीतून पायवाट आहे, अडीच-पावणेतीन किलोमीटरची, पण चढ सहाशे मीटरच्या घरातला आहे, त्यामुळं अंतरावरून अंदाज बांधू नका. सवय नसेल तर दीड तास, थांबत थांबत दोन तास. नेहमीचे लोक पाऊण तासात जातात, त्यांच्याकडं बघून सुरुवातीलाच धावत सुटू नका, पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. वाट चांगली मळलेली आहे, चुकायचा प्रश्न नाही, आणि पहाटे पाच-साडेपाचला सुद्धा कुणी ना कुणी पुढं-मागं असतंच. साठी-सत्तरी ओलांडलेले काका-काकू दर आठवड्याला येतात, त्यांचा ठरलेला ग्रुप असतो, ठरलेल्या दगडावर बसायचं असतं. एकटे आलात तरी बोलायला माणूस मिळतो.

बूट मात्र ग्रिपवाले घाला. मुरमाड माती आहे, चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय सटकतात. गुडघे दुखत असतील तर चढा चालत आणि उतरा जीपने, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी वाट कल्याण गावातून कल्याण दरवाज्याला येते. तिकडं गर्दी कमी आणि रानही छान, पण पहिल्यांदा जात असाल तर माहितीचं माणूस बरोबर घ्या.

आई-बाबांना आणि लहान मुलांना नेता येईल का?

गाडीने वर नेलं तर नक्की. पार्किंगपासून पुणे दरवाजापर्यंत आणि पुढंही पायऱ्या आणि चढ आहे, पण दमानं घेतलं तर होतं. मुलांना कड्यांच्या जवळ मोकळं सोडू नका, सगळीकडं कठडे नाहीत. टाक्यांच्या काठाला पण हात धरूनच न्या.

कोणता सीझन चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. हवा स्वच्छ असते, लांबचे किल्ले दिसतात, ऊन सोसतं. उन्हाळ्यात सहाच्या आत चढायला लागा आणि दहाच्या आत खाली या, वाटेवर सावली फार थोडी आहे. मे महिन्यात रानमेव्यासाठी मात्र यावंच, करवंदं, जांभळं घेऊन आजूबाजूच्या गावातल्या मावश्या बसलेल्या असतात, पानांच्या द्रोणात देतात, घासाघीस न करता घ्या.

पावसाळ्यात सगळं पुणे इथं लोटतं ते उगाच नाही. ढग अंगावरून जातात, समोरचा माणूस दिसत नाही इतकं धुकं असतं. पण मग व्ह्यू शून्य, हे लक्षात ठेवा, किल्ले बघायला आलात आणि पांढरा पडदा बघून गेलात असं होतं. शक्य असेल तर मंगळवार-बुधवारी या, रजा टाका एखादी.

पावसाळ्यात धोका असतो का?

असतो. घाटात दरडी कोसळतात, याआधीही कोसळल्यात, आणि तसं झालं की वनखातं घाट बंद करतं. बंद असेल तर बंद आहे, नाक्यावरच्या माणसाशी वाद घालून काही उपयोग नाही, तो तुमच्याच जिवासाठी उभा असतो. शेवाळ धरलेल्या तटावर चढून सेल्फी काढू नका. कड्याच्या टोकाशी गवत वाढलेलं असतं, त्याखाली जमीन आहे का पोकळी ते दिसत नाही.

वर बघायला नेमकं काय काय आहे?

इथं जरा सावकाश वाचा. आतकरवाडीने चढलात किंवा गाडीने आलात, दोन्हीकडून पुणे दरवाज्यातूनच आत जाता. एकामागे एक तीन दरवाजे आहेत आणि त्यातला तिसरा यादवांच्या काळातला मानतात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या कितीतरी आधीचा. वळणं घेत घेत दरवाजे का बांधलेत ते उभं राहून बघा, शत्रूला सरळ धावत येता येऊ नये, हत्तीला धडक द्यायला जागा मिळू नये आणि वरून मारा करता यावा.

आत आलात की दारूकोठार लागतं, दगडी, साधं, पटकन नजरेत न भरणारं. ११ सप्टेंबर १७५१ ला त्याच्यावर वीज पडली आणि स्फोटात तिथल्या फडणीसांचं घरच्या घर मेलं. पुढं टिळक बंगला, कोंढाणेश्वराचं जुनं शंकराचं देऊळ, मग अमृतेश्वर भैरव. अमृतेश्वराच्या मागून वर गेलं की डाव्या हाताला तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक आहे. बूट काढून दोन मिनिटं शांत उभं राहा, तिथं रील करणारी मंडळी असली तरी. जवळच देवटाकं आहे. राजाराम महाराजांची समाधीही गडावरच आहे आणि निम्म्या लोकांना ती माहीतच नसते. जिंजीहून परत आल्यावर, औरंगजेबाशी लढाई ऐन भरात असताना, मार्च १७०० मध्ये महाराज याच गडावर वारले आणि पुढची लढाई ताराराणींनी हातात घेतली. मराठ्यांच्या इतिहासातली एवढी मोठी जागा आहे ती, तिला वगळून परत येऊ नका.

इथून पुढं बरेच जण परत फिरतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण कल्याण दरवाजा राहतो. एकापाठोपाठ दोन दरवाजे, आणि वर शिलालेख, शके १६७२ चा, म्हणजे १७५० च्या सुमाराचा, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीतला. अक्षरं अजून लागतात, मुलांना वाचायला लावा. बाजूच्या बुरुजांवर हत्ती-माहूत कोरलेले होते. दरवाज्याच्या मागच्या टेकाडावर एक चौकोनी दगड आहे, तो मोगल किल्लेदार उदेभान राठोडाची जागा म्हणून दाखवतात. तिथून तटाच्या कडेकडेनं झुंजार बुरूज, हे गडाचं दक्षिण टोक, आणि मग परत फिरून तानाजी कडा, जिथून मावळे वर आले तो डोणागिरीचा कडा. ही फेरी पूर्ण करायला निवांत दोन-अडीच तास लागतात.

तिथून कोणते किल्ले दिसतात?

झुंजार बुरुजावरून राजगड आणि तोरणा अगदी समोर, पूर्वेला पुरंदर. हवा साफ असेल तर दुसऱ्या बाजूला लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. खाली खडकवासल्याचं पाणी आणि त्याच्या पलीकडं एनडीए. राजगडाचा बालेकिल्ला आधी ओळखायला शिका, मग बाकीचे आपोआप लागतात.

तानाजीची लढाई नेमकी कशी झाली? घोरपडीचं खरं आहे का?

पक्कं आहे ते असं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात हा कोंढाणा होता. आग्र्याहून सुटून आल्यावर काही वर्षं तयारीत गेली आणि १६७० मध्ये गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली, त्यातली ही लढाई. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, माघ वद्य नवमी. गडावर मोगलांचा किल्लेदार उदेभान राठोड. तानाजी आणि त्यांचे मावळे कड्यावरून चढले, वर झुंज झाली, तानाजी आणि उदेभान दोघंही एकमेकांच्या हातून पडले. सरदार पडल्यावर मावळे मागं फिरायला लागले तेव्हा भाऊ सूर्याजीने त्यांना परत उभं केलं आणि गड घेतला. विजयाची खूण म्हणून गडावर जाळ केला, तो राजगडावर महाराजांना दिसला, असं सभासदाच्या बखरीत आहे. झुंजार बुरुजावर उभं राहून राजगडाकडं बघा, म्हणजे ती ओळ खरी वाटायला लागते.

तिथीकडं पण लक्ष द्या. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या पुढं उगवतो, म्हणजे त्याआधी कड्याखाली मिट्ट काळोख. दिवसा, हातात पाण्याची बाटली आणि पायात चांगले बूट घालून तो कडा वरून बघितला तरी पोटात गोळा येतो.

यशवंती घोरपड पोवाड्यांतून आणि लोककथेतून आलेली आहे, त्याला समकालीन कागदाचा आधार नाही, दोर लावून चढणारे तरबेज मावळे होते हे जास्त पटतं. मुलांना गोष्ट जरूर सांगा, पण ही गोष्ट आहे हेही सांगा, त्यानं तानाजींचं मोठेपण कणभरही कमी होत नाही. 'गड आला पण सिंह गेला' आणि त्यावरून नाव पडलं हेही असंच, १६७० च्या आधीच्या पत्रात सिंहगड हे नाव सापडतं. सभासदाने महाराजांच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे ते एक गड घेतला, पण एक गड गेला, अशा अर्थाचं. मला स्वतःला तेच जास्त लागतं. माणसाला गडाएवढं मोल दिलंय त्यात.

दरवर्षी माघ वद्य नवमीला गडावर कार्यक्रम असतो, जमलं तर त्या दिवशी जा.

त्याच्या आधी-नंतर गड कुणाकडं होता?

जुना इतिहास १३२८ पर्यंत मागं जातो, मुहम्मद तुघलकाने गडाला वेढा घातला तेव्हा नाग नाईक नावाचा कोळी सरदार महिनोन् महिने लढला. ते नाव आपल्या तोंडी फारसं येत नाही, यायला पाहिजे. नंतर आदिलशाही, मग महाराजांकडं, मग १६४९ मध्ये शहाजीराजांच्या सुटकेसाठी सोडावा लागला, परत घेतला, तहात दिला, १६७० ला परत घेतला. १७०३ मध्ये औरंगजेबाने घेऊन बक्षिंदाबक्ष असं नाव ठेवलं, दोन वर्षांत मराठ्यांनी तो परत मिळवला. १८१८ ला इंग्रजांकडं गेला.

टिळक बंगला आतून बघता येतो का?

बाहेरूनच बघायचा. लोकमान्य उन्हाळ्यात इथं येऊन राहायचे, लिहायचे. १९१५ मध्ये गांधीजी आणि टिळकांची भेट इथं झाली.

देवटाक्याचं पाणी पिता येतं का?

गांधीजी पुण्यात असले की या टाक्याचं पाणी मुद्दाम मागवायचे असं सांगतात, आणि पाणी गोड आहे हे जुने लोकही सांगतात. आता हजारो लोक येतात, त्यामुळं घरून पाणी न्या हाच माझा सल्ला. एकच करा, टाक्यात पाय घालून बसू नका, काही टाकू नका. एवढ्या उंचीवर, भर उन्हाळ्यात, कातळात पाणी टिकतंय म्हणून हा गड नांदता राहिला. तोफा आणि तट नंतरची गोष्ट.

खायला काय मिळतं?

पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, कांदाभजी, मडक्यातलं दही, ताक. टपऱ्यांच्या जागा आणि नियम मधून मधून बदलत असतात, आज आहे तिथं उद्या असेलच असं नाही, म्हणून दोन दशम्या नाहीतर थोडा चिवडा बरोबर असू द्या. हे विकणारे बहुतेक पायथ्याच्या गावातले लोक आहेत, वाट त्यांच्या पायाखालची आहे, त्यांच्याशी बोला, गडाबद्दल त्यांना खूप माहिती असते. आणि आधी फेरी, मग पिठलं, हा क्रम ठेवा. पिठलं-भाकरी झाल्यावर कल्याण दरवाजाला जाणारा माणूस मी अजून बघायचाय.

काय नेऊ नये?

प्लास्टिक. नेलंच तर परत आणा. दारू तर नाहीच, सिगरेट पण नको, उन्हाळ्यात एका काडीने डोंगर पेटतो आणि घरट्यांसकट सगळं जातं. दगडावर नावं, बदाम, गावाचं नाव, असलं काही लिहू नका, दुसरा कुणी लिहीत असेल तर शांतपणे पण ठाम शब्दांत थांबवा. स्पीकर लावून गाणी वाजवत चढणाऱ्यांनाही एकदा विनंती करून बघा, बहुतेक जण ऐकतात.

रात्री राहता येतं का? आणि के-टू-एस म्हणजे काय?

गडावर तंबू ठोकून मुक्काम करायचा बेत करू नका, संध्याकाळनंतर वर थांबू देत नाहीत. राहायचंच असेल तर डोणजे परिसरात सोयी आहेत.

के-टू-एस म्हणजे कात्रज ते सिंहगड, पुण्यातला सगळ्यात प्रसिद्ध नाईट ट्रेक. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सुरू होतो, एकामागून एक टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या, आणि शेवटी सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. लोक पौर्णिमेच्या आसपास करतात, उजेड असतो. पुरेसं पाणी, चांगला टॉर्च आणि आधी केलेलं एक तरी माणूस बरोबर हवंच. शेवटच्या टेकड्यांवर ज्याचं पाणी संपतं त्याचे हाल होतात, मधे कुठंही मिळत नाही. नवीन असाल तर आधी साधा सिंहगड तीन-चार वेळा चढा, मग याच्याकडं वळा.

पक्षी बघायला चांगली जागा आहे का?

खूपच. पायथ्याची दरी, जिला सगळे सिंहगड व्हॅली म्हणतात, ती पुण्यातल्या पक्षीमित्रांची आवडती जागा आहे. स्वर्गीय नर्तक दिसतो, पांढरी लांब शेपटी उडवत जाणारा नर दिसला की दिवस सार्थकी लागतो. पावसाच्या तोंडावर नवरंगाची शीळ ऐकू येते. पहाटे जा, भडक कपडे नको, पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका, विणीच्या दिवसांत त्याचा त्रास होतो त्यांना.

सिंहगड युनेस्कोच्या यादीत आला का?

नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यात पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत, सिंहगड नाही. फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजमध्ये वेगळं असेल तर पुढं पाठवू नका.

मोबाईलला रेंज असते का, पैसे कसे द्यायचे?

वर दूरदर्शनचा मनोरा दिसतो म्हणून फोनला रेंज असेलच असं धरू नका, काही जागी असते, काही जागी जाते. सुट्टे पैसे ठेवा.

उतरल्यावर वेळ उरला तर?

खडकवासला धरणाच्या काठी चौपाटीवर कणीस-भेळ खाऊन लोक घरी जातात, पण तिथलं पार्किंग रस्त्यावरच असतं आणि संध्याकाळी सगळा सिंहगड रोड त्यानंच अडतो. दुपारी चारच्या आत तिथून निघालात तर बरं, नाहीतर सरळ घरी जा आणि धरण दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.